टोमॅटो आणि पाव: पाण्याचा हिशेब

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. टोमॅटो-ब्रेड वरून छान खरपूस झालं, पण आत गिच्च लगदा होता आणि वाढल्यावर ताटात पाणी पसरलं, असं लिहिलंयस. दोष तुझ्या ओटीजीचा, म्हणजे त्या छोट्या विजेच्या ओव्हनचा, नाही आणि प्रमाणाचाही फारसा नाही. या पदार्थात सगळा खेळ पाण्याचा आहे. टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणीच असतं, आणि ताज्या ब्रेडमध्येही तिसऱ्या हिश्शाहून जास्त. दोन ओल्या गोष्टी एकत्र भाजल्या तर दुसरं काय होणार! म्हणून टोमॅटो आधी आटवायचा आणि ब्रेड आधी वाळवायचा. बाकी सगळं त्यामागून येतं.

इथे अमेरिकेत याला स्कॅलप्ड टोमॅटोज म्हणतात. मधल्या राज्यांमध्ये ओव्हनशिवाय, नुसतं शेगडीवर करतात, ते ब्रेडेड टोमॅटोज. उन्हाळ्यात परसातले टोमॅटो बरण्यांत भरून ठेवायचे आणि थंडीत शिळ्या ब्रेडबरोबर शिजवायचे, असा हा काटकसरीचा घरगुती पदार्थ. जेवणातला मुख्य पदार्थ नव्हे, तोंडीलावणं. चव आंबटगोड, लोण्याची, मिरपुडीची.

चार-पाच जणांसाठी एक किलो पिकलेले टोमॅटो घे. लांबट, जाड गराचे संकरित असतील तर बरे, कारण त्यांत रस कमी. गावरान गोल टोमॅटो चवीला सरस, पण ते आटवायला दहा मिनिटं जास्त धर. देठाच्या उलट बाजूला फुलीसारखी चीर दे, उकळत्या पाण्यात पाऊण मिनिट ठेव, लगेच गार पाण्यात टाक, म्हणजे साल हाताने निघते. साल काढायचा कंटाळा करू नकोस. भाजल्यावर तिची गुंडाळी होते आणि ती दातात येते. प्रत्येकाच्या चार-सहा फोडी कर, अर्धा चमचा मीठ लावून चाळणीत वीस मिनिटं निथळू दे. खाली जमलेला रस ओतून देऊ नकोस. बियांभोवतीचा तो बुळबुळीत भाग बरेच जण फेकतात, पण टोमॅटोची खरी रुची त्यातच जास्त असते. तो रस छोट्या पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटव आणि परत फोडींत घाल.

तिकडे डबाबंद टोमॅटो मिळाले तर सोललेले अख्खे असलेले घे, बारीक फोडींचे नको. फोडींच्या डब्यात बहुतेक वेळा कॅल्शियम क्लोराइड घालतात, त्यामुळे फोडी कितीही शिजवल्या तरी टणक राहतात.

आता कांदा. एक मध्यम कांदा बारीक चिरून दीड मोठा चमचा लोण्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, पूर्ण मऊ होईपर्यंत परत. लाल करायचा नाही. टोमॅटो घालण्याआधी तो मऊ झालाच पाहिजे, कारण आंबटात पडला की कांदा नंतर मऊ होत नाही, कचकचीत राहतो. सेलरीचा एखादा देठ मिळाला तर कांद्याबरोबर चिरून घाल, नाहीतर सोडून दे. त्याऐवजी ओवा घालायचा मोह टाळ, तो सगळ्यावर चढतो. मग टोमॅटो, एक मोठा चमचा साखर, पाव चमचा मिरपूड, लागेल तेवढं मीठ. इथे पुष्कळ घरांत ब्राउन शुगर घालतात, तिच्याजागी किसलेला गूळ उत्तम. आधी निम्माच घाल आणि चाखून वाढव. आंबटपणा बोचायचा थांबला पाहिजे, पण पदार्थ मोरांब्याकडे झुकता कामा नये.

झाकण न ठेवता मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं आटव. कधी झालं ते घड्याळाने ठरवू नकोस: उलथन्याने पातेल्याच्या तळाशी एक रेघ ओढ, ती दोन-तीन सेकंद उघडी राहिली तर झालं. लगेच रसाने भरली तर अजून आटव. पातेलं आणि भाजायचं भांडं दोन्ही स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असू दे. साध्या ॲल्युमिनियमला टोमॅटोची आंबटाई लागते आणि चव धातूसारखी होते.

ब्रेडची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण इथे तो दोन वेगळी कामं करतो. आतल्या फोडींनी रस प्यायचा असतो. वरच्या चुऱ्याने रसापासून लांब राहून कुरकुरीत व्हायचं असतं. दोन्हीकडे एकच ब्रेड वापरलास तरी तयारी वेगळी हवी.

आतल्यासाठी चार स्लाइस, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम. दोन सेंटिमीटरच्या फोडी करून १५० अंश सेल्सियसवर पंधरा-वीस मिनिटं वाळव, रंग न येऊ देता. काट्यावर तोलून बघ, शंभराचे सत्तरच्या आसपास झाले की पुरे. आदल्या दिवशीचा शिळा ब्रेड वापरला तर चालेल असं वाटतं, पण पिशवीतला शिळा ब्रेड नुसता कडक झालेला असतो, पाणी त्यात तसंच असतं. रसात पडला की तो फुगतो आणि चिकट होतो. लादीपाव चालतो, पण तो फार मऊ असल्याने पाच-सात मिनिटं जास्त वाळव. ब्रून पाव मिळाला तर त्याचं कडक कवच यात फार छान लागतं. गोड बन किंवा मसाल्याचा ब्रेड नको.

वरच्यासाठी दोन स्लाइस हाताने जाडसर कुस्कर. विकतचा बारीक, पिठासारखा चुरा घेऊ नकोस, तो ओलावा धरून पापुद्र्यासारखा बसतो. दीड मोठा चमचा वितळलेलं लोणी चुऱ्याला नीट चोळ. चवीसाठी तर ते आहेच, पण स्निग्धाचा थर असल्यामुळे खालून येणारी वाफ चुऱ्यात लवकर शिरत नाही. लोणी कमी केलंस तर वरचा थर वाळूसारखा कोरडा राहतो किंवा भिजतो.

गरम टोमॅटोत वाळवलेल्या फोडी घालून दोनदाच हलव आणि लगेच उथळ भांड्यात ओत. थर चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको, खोल भांड्यात मधलं पाणी उडतच नाही. वर चुरा पसर, दाबू नकोस. आधी तापवलेल्या ओटीजीत १९० अंशांवर, दोन्ही सळया चालू ठेवून, खालच्या खाचेत पंचवीस मिनिटं. छोट्या ओटीजीत वरची सळई फार जवळ असते, म्हणून मधल्या खाचेत चुरा करपतो आणि आत जेमतेम ऊन होतं. कडेने बुडबुडे यायला लागले आणि चुरा बदामी झाला की काढ. वर फॉइल लावू नकोस. दहा मिनिटं तसंच राहू दे. गरमगरम वाढलं तर पातळ वाटतं, निवताना ब्रेडमुळे दाट होतं.

ओटीजी लावायचा नसेल त्या दिवशी हेच मिश्रण पातेल्यात ठेव, फोडी शेवटच्या पाच मिनिटांत घाल आणि लोण्यावर परतलेला चुरा वाढताना वरून टाक.

इटलीत, तोस्कानामध्ये, टोमॅटो आणि शिळ्या पावाचा पप्पा अल पोमोदोरो करतात. त्यात मात्र पाव मुद्दाम विरघळवतात, चमच्याने खायचा तो पदार्थ. तिथला पाव बिनमिठाचा असतो, म्हणून मीठ बेताने वाढवत जावं लागतं. तुझा गिच्च झालेला प्रयोग थोडा रस, लसूण, ऑलिव्ह तेल आणि तुळशीसारखं बेसिल घालून शिजवला असता तर त्याच्या जवळ गेला असता.

पहिल्यांदा तरी फोडणी, हिरवी मिरची, कोथिंबीर यातलं काही घालू नकोस. लोणी आणि टोमॅटोची जोडी आधी तशीच चाख. बरोबर भाजलेली कोंबडी, तळलेले मासे किंवा उकडलेले बटाटे चांगले लागतात. पोळीबरोबर नको, पिठूळ होतं. उरलं तर मायक्रोवेव्हमध्ये नाही, ओटीजीतच १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं तापव.

तुझ्या काचेच्या भांड्याची लांबी-रुंदी कळव, त्यावरून ब्रेड किती घ्यायचा ते लिहून पाठवते.

तुझी,
शुभा