ल्युद्‌मिला या नावाविषयी

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाईंच्या आजीचे नाव छकुलीला ठेवणार असे तू फोनवर सांगितलेस, तेव्हा मी नुसते ‘हं’ म्हणून गप्प बसलो. खरे सांगायचे तर नाव जिभेवर बसत नव्हते. मग आठ दिवस त्या नावाच्याच मागे लागलो.

ल्युद्‌मिला हे जुने स्लाव्ह नाव ‘ल्युद’ म्हणजे लोक आणि ‘मिला’ म्हणजे प्रिय या दोन शब्दांचे आहे. आपल्याकडची लोकप्रियाच म्हण. तुझ्या आईने ‘मिला’ची गाठ लगेच ‘मिळणे’शी मारली, ती मी सोडवली. पहिल्या शब्दाचे मूळ मात्र भाषाशास्त्रज्ञ ‘आरोहण’, ‘प्ररोह’ या शब्दांतल्या, वाढणे या अर्थाच्या धातूपर्यंत नेतात, हे वाचून मला अंमळ बरे वाटले.

या नावाची संत ल्युद्‌मिला सूनबाईंच्या स्लोव्हाकियाशेजारच्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, बोहेमियाची. पुढे स्वतःही संत ठरलेल्या वात्स्लाव्ह या नातवाला तिने वाढवले, आणि त्याच्यावर आपलाच अधिकार चालावा म्हणून सून द्राहोमीरा हिने इ. स. ९२१ मध्ये टेटीन येथे तिचा गळा आवळून खून करवला, असे परंपरा सांगते. गंमत अशी की त्या सुनेच्या नावातही ‘प्रिय’ आणि ‘शांती’ हेच शब्द आहेत! (ही कथा तुझ्या आईला अजून सांगितलेली नाही.) स्लोव्हाक पंचांगात या नावाचा दिवस १६ सप्टेंबर आहे, म्हणजे छकुलीला वाढदिवसाखेरीज आणखी एक गोडाचा दिवस मिळाला.

मला अधिक भावली ती १८७२ साली जन्मलेली, मुलांसाठी कविता लिहिणारी ल्युद्‌मिला पोद्यावोरिन्स्का. तिचे मूळ आडनाव रिझ्नेरोवा. यावोरिना डोंगराच्या पायथ्याशी तिचे गाव, म्हणून तिने ‘यावोरिनाखालची’ अशा अर्थाचे टोपणनाव घेतले. आडनाव बदलले, ल्युद्‌मिला तेवढे राखले.

एक सूचना. स्लोव्हाक लिपीत या नावाच्या पहिल्या अक्षराच्या डोक्याशी स्वल्पविरामासारखी बारीक खूण असते. ‘ल’ मृदू होऊन ‘ल्य’सारखा ऐकू येतो तो तिच्यामुळे. चेक लोक ही खूण देत नाहीत. जन्मदाखल्यावर ती सुटू देऊ नकोस. आणि विहीणबाईंच्या आवाजात हे नाव दोन-तीनदा सावकाश ध्वनिमुद्रित करून पाठव, म्हणजे बारशाच्या आत आम्हा दोघांचा सराव होईल.

तुझा,
बाबा