अभाव शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

तुमचे आभार मनात पुष्कळदा मानले. आज चारचौघांत मानते आहे, कारण तुम्ही मला जे दिलंत त्याची गरज आणखी कुणाला तरी असेल.

बाबा गेल्यावर घरी येणारा जो तो त्यांच्या असण्याबद्दलच बोलत होता. 'ते आहेतच की तुमच्यात.' 'शेवटी सगळी मायाच.' बँकेत ते 'मयत खातेदार' झाले. माणसं आपुलकीनेच बोलत होती, पण त्यातल्या एकाही वाक्याचा मला आधार वाटेना. तुमच्याकडे मी तर्कसंग्रह, म्हणजे अन्नंभट्टाचा न्याय-वैशेषिक दर्शनाचा प्रवेशग्रंथ, शिकायला येत होते. तुम्ही सांत्वन केलं नाहीत. शेवटाकडचं अभावाचं प्रकरण त्या आठवड्यात आधी घेतलंत.

द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि सातवा अभाव. जगात जे जे आहे त्याचे हे मूळ वर्ग, शास्त्रात त्यांना पदार्थ म्हणतात. जुन्या वैशेषिक आचार्य प्रशस्तपादाने सहाच मांडले होते. अन्नंभट्टापर्यंत, म्हणजे सतराव्या शतकापर्यंत, सातवा पक्का झाला होता. 'नसणं' हाही जगातला एक पदार्थ आहे, हे ऐकून मी लिहायची थांबले. मग तुम्ही त्याचे चार प्रकार आपल्या रोजच्या बोलण्यातून काढून दाखवलेत. 'घडा अजून झाला नाही' हा प्रागभाव. 'घडा फुटला, आता नाही' हा प्रध्वंसाभाव. 'वाऱ्याला रंग नसतो' हा अत्यंताभाव. 'घडा म्हणजे कापड नव्हे' हा अन्योन्याभाव. कुंभारवाड्यातल्या माणसाला हा भेद बोलताना कळतो, शास्त्र त्याला नाव देतं, असं तुम्ही म्हणालात. प्रध्वंसाला आरंभ असतो, अंत नसतो. हे वाक्य कठोर आहे. त्या दिवसांत मला तेच खरं वाटलं.

पण सगळ्यात मोठं देणं प्रतियोगीचं. अभाव नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी. त्याचं ज्ञान नसेल तर त्याचा अभाव कळत नाही. प्राभाकर मीमांसक या दुसऱ्या पंथाला अभाव हा निराळा पदार्थच मान्य नाही. रिकामी जमीन दिसते तेवढीच, निराळा अभाव कशाला, असं ते विचारतात. पुढे बाबांची खोली बघायला भाडेकरू आला. त्याने खिडकी पाहिली, भिंतीतलं कपाट पाहिलं, नळ सोडून पाहिला. आम्ही दोघं एकाच जागेत उभे होतो. मला तिथे बाबा नाहीत हे दिसत होतं, त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून मी अभाव मानणाऱ्या नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांच्या, बाजूची आहे. माझं दुःख हे एक ज्ञान आहे, त्यामागे त्या माणसाची ओळख आहे, हे मला त्या खोलीत समजलं.

सशाच्या शिंगाचा तासही आठवतो. जे कुठेच नाही त्याबद्दल 'ते नाही' असं म्हणायचं तरी कसं? नैयायिक वाक्य उलगडतात: ससा आहे, शिंगंही जगात आहेत, सशाला शिंग नाही एवढंच. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी 1905 साली, जो कुठेच नाही तो 'फ्रान्सचा आजचा राजा' असाच उलगडला, हे तुम्ही फळ्यावर शेजारीशेजारी मांडलंत. दोन्हींत फरकही बराच आहे, तो तुम्ही लपवला नाहीत.

आणि मी विचारलंच होतं, आत्म्याचं काय? तुम्ही म्हणालात, अभाव डोळ्यांनी ठरवायचा तर 'असता तर दिसला असता' असं म्हणता यायला हवं. आत्म्याबद्दल तसं म्हणता येत नाही. नैयायिक त्याला नित्य मानतात. त्यांची अनुमानं वाच, पटतात का ते तुझं तू बघ. इतक्या प्रेमाने मला कुणी मोकळं सोडलं नव्हतं. बाई, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

ती अनुमानं वाचते आहे, पण एकटीला जड जातात. मुक्तावलीचा, म्हणजे तर्कसंग्रहापुढच्या त्या न्यायग्रंथाचा, वर्ग सुरू करणार असाल तर माझं नाव आधी लिहा. वेळ कुठलीही चालेल.

तुमची विद्यार्थिनी