काका, त्या टॉवेलबद्दल थँक्यू

काका,

हे तुम्ही असताना बोलायला पाहिजे होतं. पण तुमच्यासमोर कोणी थँक्यू म्हटलं की तुम्ही त्याच्या हातात झाडू द्यायचात, त्यामुळे कोणाची हिंमतच झाली नाही. आता झाडू द्यायला तुम्ही नाही म्हणून लिहितोय.

ज्यांनी काकांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, दिवसा सुतारकाम आणि संध्याकाळी त्याच शेडमध्ये बॉक्सिंग. साडेपाचला रंधा, पटाश्या, करवती कपाटात जायच्या, बेंच भिंतीला सरकायचं, भुसा झाडायचा आणि मग दोरीउड्या. फी कधी कोणाकडे मागितलेली मला तरी आठवत नाही. आजही ताज्या ढलप्यांचा वास आला की माझे हात आपोआप गार्डला जातात, बायको हसते.

मी आलो होतो एका मुलाला मारायचं म्हणून, खोटं कशाला बोलू. तुम्ही म्हणालात मूठ करून दाखव. मी दाखवली, अंगठा आत. "असा मारलास तर त्याला काही होणार नाही, तुझा अंगठा मात्र जाईल." मग पट्टी बांधलीत, अंगठ्यात लूप, मनगटाला वेढे, मुठीच्या हाडांवरून वेढे, मग बोटांच्या मधून एकेक, साडेचार मीटरची पट्टी संपेपर्यंत एक शब्द नाही. आवळली की घट्ट आणि बोटं पसरली की रक्त खेळलं पाहिजे, एवढंच. आणि मग ती १९५४ ची गोष्ट सांगितलीत, बारा वर्षांच्या पोराची सायकल चोरीला गेली, चोराला झोडपतो म्हणून ते ज्या पोलिसाकडे गेलं तो पोलीस बॉक्सिंग शिकवायचा, तो म्हणाला आधी लढायला तर शीक. ते पोरगं म्हणजे पुढे मोहम्मद अली. मला वाटलं आता म्हणणार तू पण अली होशील. तुम्ही म्हणालात, त्या पोलिसाचं नाव जो मार्टिन, लक्षात ठेव, कोणी ठेवत नाही.

तो मुलगा, ज्याला मारायचं होतं, दोन महिन्यांत डोक्यातून गेला पण.

आता टॉवेल. तिसरा राउंड चालू होता, मी एक जोरात खाल्ला होता, रेफरीने आठ मोजले, मी हात वर करून ठीक आहे म्हटलं, त्याने "बॉक्स" म्हटलं आणि लगेच रिंगमध्ये तुमचा टॉवेल. कोचने टॉवेल टाकला म्हणजे आपल्या बाजूने माघार, मॅच संपली. मिनिटभर राहिलं असेल, आणि आधीचे दोन राउंड माझे होते असं मला तेव्हा वाटायचं (खरं सांगू तर अजूनही वाटतं). सगळ्यांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोललो. दीड महिना शेडकडे फिरकलो नाही आणि तुम्ही बोलवायला आला नाहीत.

परत आलो तेव्हा तुम्ही काहीच विचारलं नाही, एक फळी आणि पॉलिश पेपर दिलात. कॉर्नरला बसायचं स्टूल बनवत होतात. घासता घासता, माझ्याकडे न बघता सांगितलंत की तुमच्या वेळी कॉर्नरमधून आवाज आला होता, एकच राउंड राहिलाय, काढ. तुम्ही काढला. जिंकलात पण. पण डोळ्याचा पडदा सुटला होता, दवाखान्यात जायला उशीर झाला आणि डाव्या डोळ्यात तेव्हापासून नुसता उजेड-अंधार. मी इतकी वर्षं बघायचो, तुम्ही प्रत्येक फळीवरून अंगठा फिरवता, मला वाटायचं कारागिराची स्टाइल आहे. "हेडगार्डने चामडी वाचते, मेंदू आत हलतो तो हलतोच," असं तुम्ही नेहमी म्हणायचात. तुम्ही टॉवेल का टाकलात ते त्या दिवशी कळलं. मला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतंय, काका. एवढंच सांगायचं होतं खरं तर.

बाकी किती गोष्टी आहेत. २०१२ ला लंडनला बायकांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं, मेरी कोमला ब्राँझ मिळालं आणि सगळीकडे मुलींना घ्या मुलींना घ्या सुरू झालं, तुमच्याकडे तर त्याच्या आधीच चार मुली बॅग बडवत होत्या. त्यांच्या घरच्यांना समजावायला किती वेळा गेलात ते त्याच सांगतील.

परवा आम्ही जुनी बॅग उसवली, शिवण गेली होती. नवीन पोरांना वाटलं आत वाळू असेल. वाळू खाली बसते आणि दगड होते, मनगट जातं, हे मी तुमच्याच आवाजात सांगितलं बहुतेक. आत सगळ्या चिंध्या. तुमचे शर्ट, कोणाची ट्रॅकपँट, आणि माझी शाळेची पँट, गुडघ्यावरच्या ठिगळावरून ओळखली. तुम्ही आईकडून कधी मागून नेलीत काय माहीत. ती पण परत आत कोंबली. बॅग टांगलीये, पण मधे पोकळ लागतेय, तुम्ही दांडक्याने थरावर थर कुटायचात तसं आम्हाला जमलेलं नाही. रविवारी परत उसवणार आहोत.