चष्मा म्हणजे फेस शील्ड नव्हे

पुणे, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तो रागानेच. ‘आई, तू पुन्हा सुरू झालीस’ म्हणालीस, ते खरंच होतं. म्हणून आज फक्त तुझ्या पेशींबद्दल लिहायचं ठरवलंय.

मीडियम, म्हणजे पेशींचं अन्नद्रव, पिवळं नाही, गढूळ नाही, तरी तुझ्या एचईके, त्या माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशी, दुप्पट व्हायला दिवस-दीड दिवसाच्या जागी चार दिवस घेतायत. साधे बॅक्टेरिया असते तर एका रात्रीत फ्लास्क लिंबू सरबतासारखा दिसला असता. यीस्टच्या मण्यांच्या माळा तुला ओळखता येतात. मला मायकोप्लाझ्माचा, त्या अतिसूक्ष्म जिवाणूचा, वास येतोय. त्याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनचं काही चालत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो. अँटिबायोटिक बंद करून दोन आठवडे वाढव, मग पीसीआर आणि हेक्स्ट स्टेन (डीएनए चमकवणारा रंग) दोन्ही कर. केंद्रकाबाहेर बारीक ठिपके चमकले तर वाचवत बसू नकोस. ऑटोक्लेव्ह कर, इनक्यूबेटर पुसून काढ आणि शेजारच्या बाकावरच्यांनाही सांग. लाज वाटते म्हणून लपवलं की सगळ्या खोलीत पसरतं. हो, आणि हूडमध्ये, त्या निर्जंतुक हवेच्या पेटीत, हात असताना गप्पा नकोत. मायकोप्लाझ्मा बऱ्याचदा माणसाच्या तोंडातूनच येतो.

आता नवीन व्हायल, म्हणजे गोठवलेल्या पेशींची ती छोटी कुपी. ती काढायला तू रात्री अकरा वाजता तळघरात एकटी गेलीस, हे तू अगदी सहज सांगितलंस. व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेली असेल आणि झाकण नीट बसलेलं नसेल, तर नायट्रोजन आत झिरपतो. ३७ अंशांच्या पाण्यात टाकताच त्याचा जवळजवळ सातशे पट वायू होतो आणि व्हायल तोंडावर फुटते. तुझा चष्मा म्हणजे फेस शील्ड नव्हे. असो. पुढचं लिहिते.

पाण्यात एक-दोन मिनिटंच हलव, मुगाएवढा बर्फ उरला की बाहेर. ७० टक्के अल्कोहोलने पूस. आतलं द्रावण कोमट मीडियममध्ये थेंबाथेंबाने सोड, एकदम ओतलंस तर पेशी फुगून फुटतात. सेंट्रीफ्यूजमध्ये २०० जी, पाच मिनिटं फिरव. वरचं डीएमएसओवालं (गोठवताना घातलेल्या रसायनाचं) पाणी काढून टाक. पंचवीस चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये लाव आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावू नकोस. एचईके चिकटायला आळशी असतात. तरंगताना दिसल्या म्हणून मेल्या असं समजून फेकू नकोस.

धुतानाही तेच. गार पीबीएस, ते धुवायचं मिठाचं पाणी, पेशींवर थेट ओतलंस तर पापुद्र्यासारख्या सुटून येतात. कोमट घे आणि समोरच्या भिंतीवरून सोड.

तुझ्या या एचईके तुझ्याच लायडनच्या आहेत. १९७३ साली अ‍ॅलेक्स व्हान डर एब यांच्या प्रयोगशाळेत फ्रँक ग्रॅहमने गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत अ‍ॅडेनोव्हायरसचा डीएनए घातला. प्रयोगाचा क्रमांक २९३, तेच नाव पडलं. पण नावात किडनी आहे म्हणून फार विश्वास ठेवू नकोस, त्यांच्यात चेतापेशींच्या खुणा सापडतात. नलिकेतून पाणी-मीठ कसं जातं हे बघायचं असेल तर एमडीसीके, कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी, घे. त्यांना ट्रिप्सिनमध्ये (पेशी सुट्या करणाऱ्या एन्झाइममध्ये) १५-२० मिनिटंही लागतात, इतक्या घट्ट धरून बसतात एकमेकींना. थर पूर्ण भरला की खालच्या बाजूला पाणी ढकलतात, आणि थर जागोजागी फुग्यासारखा उचलला जातो. फोकस वर-खाली केला की फुगा स्पष्ट होतो, बाजूचं सगळं धूसर. सुट्टीत माझ्या मायक्रोस्कोपवर चढून ‘आई, याला फोड आलेत’ म्हणाली होतीस. स्टुलावर दोन उशा लागत तेव्हा. आता तू मला पासेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये लावल्या ते, विचारतेस, आणि बाबा ते शेजारच्या काकूंना सांगतात.

नायट्रोजनला वास नसतो, मनू. बंद खोलीत ऑक्सिजन कमी झाला तर दम लागल्याचंही कळत नाही, माणूस सरळ खाली बसतो. ऑक्सिजनचा अलार्म वाजला तर व्हायल राहू दे, बाहेर ये. ड्युअर, ती द्रव नायट्रोजनची टाकी, घेऊन लिफ्टमध्ये स्वतः चढू नकोस. रात्री जावंच लागलं तर कुणाला तरी दारात उभं कर, अगदी पाच मिनिटं. बघ, पुन्हा सुरू झाले. माफ कर. तुला हे सगळं माहीत आहे, आणि माझ्याहून नीट माहीत आहे.

गोडा मसाला बाबा मंगळवारी पोस्टात टाकतील. आत्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय, तू फोन कर तिला.

ते शील्ड तुमच्याकडे कुठे टांगलेलं असतं, दाराच्या आत की बाहेर? तेवढं कळव.

तुझी,
आई