देवाच्या फरश्या आणि पाण्याचे मीटर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

देवाचा धाक सुटला की माणूस स्वार्थी होऊन बिघडतो, असं म्हणणारं पत्र वाचलं. मला ते पटत नाही. कर्वेनगरच्या आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीची मी सहा वर्षं सेक्रेटरी आहे. जिन्यात कुणी थुंकू नये म्हणून कोपऱ्यांत देवादिकांच्या फरश्या बसवल्या. फरशीवर कुणी थुंकलं नाही; वीतभर बाजूला मात्र लाल पिचकाऱ्या तशाच. पाण्याचं उलट झालं. टँकरचा खर्च सगळ्यांत सारखा वाटला जायचा, तोवर गळक्या नळांकडे कुणी बघेना. घरटी मीटर बसले आणि महिनाभर प्लंबरला उसंत नव्हती. ओल्या कचऱ्याचं खत करू लागलो तेही मिळकतकरातल्या सवलतीसाठी, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आगरकरांनी १८८८ साली याच पुण्यात 'सुधारक' काढला. नीतीला देवाचा टेकू लागत नाही, असं मांडणाऱ्या या माणसाची लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

एक गोष्ट मात्र मला सुटलेली नाही. तळमजल्यावरच्या आजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा चार घरांनी आळीपाळीने डबा दिला. मी देत होते, कारण उद्या मीही एकटीच असणार. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तसलं काही नाही हो, त्यांचं दार उघडं दिसलं की पाय वळतात." हिशेबावर नीती उभी करणाऱ्यांनी या वहिनींना कुठे बसवायचं, यावर वाचकांनी जरूर लिहावं.

— एक वाचक, कर्वेनगर, पुणे