घराखालची ड्रेनेज लाइन बदलल्यावर भराव नीट न केल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

सोलापुरातील आमच्या घराच्या तळमजल्याखालची जुनी चिनी मातीची ड्रेनेज लाइन काढून आपल्या कंपनीने 110 मिमीची पीव्हीसी लाइन टाकली. जोड व्यवस्थित आहेत, गळती कुठेही नाही. तक्रार आहे ती पाइपवरच्या भरावाची.

स्वयंपाकघरापासून मागच्या चेंबरपर्यंतचा फरशीचा पट्टा खचला आहे. स्कर्टिंगखाली बोट जाईल एवढी फट पडली आहे आणि फरशीवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. सिंकचे पाणी चेंबरमध्ये थांबून थांबून येते. याचा अर्थ पाइपही मध्येच खाली बसून त्याचा उतार बिघडला असावा. तिथे गाळ साचून लाइन तुंबायला वेळ लागणार नाही.

हे कशामुळे झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. चारीतून निघालेली काळी माती, ओल्या ढेकळांसकट आणि फोडलेल्या कोब्याच्या तुकड्यांसकट, एकदमच आत लोटली. पाइपखाली वाळू किंवा कच घातली नाही. धुम्मसाने चोपणे तर झालेच नाही. वडिलांनी हटकले तेव्हा सुपरवायझरने चारीत पाणी सोडले आणि "पाणी मारलं की माती बसते, काका" असे सांगितले. वाळूत हे काही प्रमाणात चालते, कारण पाणी निचरून जाते. काळी माती पाणी धरून फुगते, वाळली की आकसते, आणि ढेकळांमधल्या पोकळ्या आतच राहतात. उन्हाळ्यात इथल्या रानात भेगा कशा पडतात हे ज्याने पाहिले आहे, त्याने ही माती घराखाली भरायलाच नको होती.

आपल्या कोटेशनमध्ये "मुरूम भराव, थरांमध्ये दाबून" असे स्पष्ट लिहिले आहे आणि त्याचे पैसे आम्ही दिले आहेत. आता फटी ग्राउटने बुजवून फरशी लेव्हल करून देतो, असा आपला निरोप आला. तो आम्हाला मान्य नाही. चारी आतल्या भिंतीच्या पायाला लागून गेली आहे. खालची माती सरकत राहिली तर उद्या भिंतीला तडा जाईल, आणि आम्हाला खरी काळजी त्याचीच आहे.

म्हणून हा पट्टा पूर्ण उघडून काळी माती बाहेर काढावी. लाइनचा उतार तपासून, पाणी भरून चाचणी घ्यावी. पाइपखाली आणि बाजूंनी वाळू ठासून, त्यावर बेताच्या ओलीचा मुरूम 150 मिमीच्या थरांत चोपावा. मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये, एवढीच ओल हवी. सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (साधे काँक्रीट) करण्यापूर्वी आयएस 2720, भाग 28 या भारतीय मानकाप्रमाणे भरावाची घनता चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घ्यावी आणि अहवाल आम्हाला द्यावा. प्रत्येक थर आम्ही पाहू. फरशीसह सर्व खर्च कंपनीने करावा.

पंधरा दिवसांत कामाची तारीख लेखी कळवावी. न कळवल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. कोटेशन, बिल आणि चारी भरतानाचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
घरमालक व ग्राहक