लेझर करू नकोस

भुसावळ

चि. प्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास आणि मी चिडलो, म्हणून आज लिहायला बसलो. जळगावच्या कोण्या मित्राने तुला सांगितलं की डोळ्यांचं लेझर करून टाक, पाऊण नंबर जातो, रेल्वेच्या मेडिकलला कुणाला कळतंय? कळतं रे. आणि नाही कळलं तरी करू नकोस.

असिस्टंट लोको पायलटच्या, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या हाताखालच्या माणसाच्या, भरतीला ए-वन लागतं, म्हणजे सगळ्यात कडक मेडिकल. दोन्ही डोळ्यांना ६/६, तेही बिनचष्म्याचं. फॉगिंग नावाच्या तपासणीत डोळ्यांपुढे भिंग धरून अक्षरं मुद्दाम धूसर करतात. तरी तुला ती स्वच्छ दिसली तर लपलेला प्लस नंबर पकडला जातो. रंग बघतात, रात्रीची नजर बघतात. लेझर केलेला उमेदवार चालणार नाही हे तर जाहिरातीतच छापलेलं असतं. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत प्रत्येक भागाला पास व्हायला लागणारा ४२ चा टी-स्कोअर काढलास, त्याचं मला कौतुक आहेच. पण डोळ्यांचं त्यात काही भागत नाही.

तू म्हणशील, बाबा, तुम्ही तर चष्मा लावूनच गाडी चालवत होता. खरंय. नोकरीत लागल्यावर चष्मा चालतो, फक्त जादा जोड जवळ ठेवावा लागतो. माझा दुसरा चष्मा पेटीत डब्याखाली असायचा, त्याला नेहमी लोणच्याचा वास. पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी तपासणी, मग पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरसाल. आत शिरताना नियम कडक आणि शिरल्यावर सैल, हे मलाही पटत नाही. पण लेझरनंतर काहींना रात्री दिव्याभोवती वलय दिसतं, आणि आपलं निम्मं काम रात्रीचं, दिव्यांकडे बघायचं.

तुला एक सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ट्रकवाल्यासारखं आरटीओचं लायसन नसतं. रेल्वेच ट्रेनिंग देते, परीक्षा घेते आणि कॉम्पिटन्सी, म्हणजे गाडी चालवायला लायक असल्याचा दाखला, देते. पण नव्या सेक्शनवर गाडी न्यायची तर आधी लर्निंग रोड करावा लागतो, म्हणजे जाणत्या ड्रायव्हरबरोबर जाऊन रस्ता शिकायचा: तीन फेऱ्या, त्यातली एक रात्रीची. मग आपणच सही करून द्यायची की हा रस्ता मला माहीत आहे. खंडव्याच्या बाजूला माझ्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, दोन्ही दिवसाच्या. माणसं कमी होती. एका साहेबांनी कागद पुढे सरकवला, ‘कर सही, रस्ता तोच आहे, रात्री काय वेगळा होतो?’ मी पेन हातात घेतलं होतं. घरी तू चार महिन्यांचा, आणि साहेबाशी वाकडं घ्यायची माझी छाती नव्हती. तरी म्हटलं, एक रात्र जाऊ द्या.

त्या रात्री बऱ्हाणपूर सोडलं, पुढे डोंगरातली वळणं लागली. एका वळणावर जो सिग्नल दिवसा मला लांबून दिसायचा, तो पावसात दिसेचना. शेजारच्या अनुभवी ड्रायव्हरने तो दिसायच्या आधीच ब्रेकला हात घातला होता. मला घाम फुटला. सही केली असती तर पुढच्या आठवड्यात तिथे मी एकटा असतो, बाजूला माझ्याएवढाच नवखा असिस्टंट.

तुझ्या मित्राला यातलं काही सांगू नकोस, तो हसेल.

टेक्निशियनच्या काही जागांना बी-वन चालतं, ते ए-वनपेक्षा सैल मेडिकल, चष्म्यासकट. शेडमध्ये इंजिन उघडून बघायला तुला लहानपणापासून आवडतंच. पुढची जाहिरात आली की नीट वाच, पदासमोर मेडिकल कोणतं लिहिलंय ते आधी बघ. तुझी आई मागून सांगते आहे, ‘पोऱ्याले म्हना, डोयाले हात लावू नको.’

रविवारी ये. यावलची वांगी आली आहेत, भरीत होणार आहे. येताना डॉक्टरांनी नंबर लिहून दिलेला कागद घेऊन ये.

तुझे,
बाबा